भुताआधी दगड वाच

साताऱ्याजवळच्या माहुलीला लोकांना भुतांच्या गोष्टी सांगायला रात्रीची फेरी काढतोयस, काढ. पण आधी दिवसा जाऊन ये. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर १७६१ साली वारलेल्या महाराणी ताराबाईंची समाधी आहे, साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही आहे. एवढं असताना भुतं कशाला हवीत? पण लोक त्यासाठीच पैसे मोजतात, तेव्हा सांग बापडा. फक्त ‘गावात असं म्हणतात’ एवढं गाळू नकोस.

दगडावरच्या झिजलेल्या कोरीव लेखावर खडू, पीठ, तारेचा ब्रश काही लावायचं नाही. अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या कडेने, जवळजवळ आडवी धर. खाचांत सावली पडते नि अक्षरं उठून दिसतात. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड म्हणजे सतीशिळा, सती गेलेल्या बाईच्या आठवणीची. खाली लढाई नि वर शिवलिंगाची पूजा, तो वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. दिवसा घाटावर दशक्रिया चालू असेल तर मंडळींना लांबूनच परत फिरव.