उतारावर एचएसटी ट्रॅक्टर घसरतो: लायनर बदलण्याआधी हे बघा

दादा, भाऊ सुखरूप आहे हे वाचून आधी बरं वाटलं. बाकीचं सावकाश बोलू.

मला समजलं ते असं. शेत पाटण तालुक्यात, डोंगराच्या अंगाला, तालींचं, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचं. घरी आधीपासून ४५ एचपीचा गिअरचा ट्रॅक्टर आहे, आणि आता लोडरसकट (पुढे माल उचलायची बकेट) एचएसटीचा, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबानं चालणारा हायड्रोस्टॅटिक, छोटा ट्रॅक्टर आलाय. पाऊस पडून गेल्यावर भाऊ बकेटमध्ये शेणखत भरून वरच्या तालीवरून खाली येत होता. पेडल सोडलं तरी ट्रॅक्टर थांबेना, ब्रेक दाबला तरी घसरतच गेला आणि खालच्या बांधाला टेकून उभा राहिला. मिस्त्री म्हणतोय ब्रेकचे लायनर (आतलं घासून धरणारं अस्तर) बदला. तुम्ही विचारताय की बदलायचे का, आणि पुन्हा असं झालं तर काय करायचं.

लायनर तपासून घ्या, पण ते नवे टाकल्यानं हे थांबेल असं मला वाटत नाही. तुम्हीच लिहिलंय की ब्रेक दाबल्यावर चाकं जाम झाली होती आणि ट्रॅक्टर तसाच सरकत होता. चाक जाम झालं म्हणजे ब्रेकनं आपलं काम केलं. कमी पडली ती टायरची पकड. आणि ती पकड गेली कारण मागच्या चाकांवर वजनच उरलं नव्हतं.

हिशोब करून बघा. ट्रॅक्टर ९०० किलो, लोडर २५०, बकेटमधलं ओलं शेणखत २०० धरलं तर एकूण १३५० किलो. उतार १२ अंशांचा असेल तर हे वजन ट्रॅक्टरला साधारण २८० किलोच्या जोरानं खाली ढकलतं. भरलेली बकेट पुढे, त्यात तोंड उताराकडे, म्हणजे बहुतेक भार पुढच्या चाकांवर. मागच्या चाकांवर ४०० किलो उरले असं धरा. टू व्हीलमध्ये असाल तर रोखणारी चाकं फक्त मागची. ४०० किलोच्या दाबावर २८० किलो रोखायचे म्हणजे दाबाच्या सत्तर टक्के पकड पाहिजे. सुक्या डांबरी रस्त्यावर ती मिळेल, ओल्या मातीवर आणि गवतावर विसरा. तोच ट्रॅक्टर, तोच उतार, पण फोर व्हीलचा लिव्हर टाकलेला असता तर चारी चाकांनी मिळून तेवढंच रोखायचं होतं. मग वीस-बावीस टक्के पकडीत भागलं असतं. तुमच्या ट्रॅक्टरची खरी वजनं मॅन्युअलमध्ये बघून आकडे बदला, निष्कर्ष फारसा बदलणार नाही.

भावाला एक विचारा: पेडल सोडल्यावर मागचं एखादं चाक उलटं फिरताना दिसलं का? हे मी तासगावकडे द्राक्षबागेच्या टेकाडावर डोळ्यांनी बघितलंय. ट्रॅक्टर खाली चाललाय आणि वरच्या अंगाचं मागचं चाक रिव्हर्स टाकल्यासारखं उलटं फिरतंय. बघणारा चक्रावतो, पण त्यात भुताटकी नाही. एचएसटीची रोख डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या मधल्या गिअरमधून, दोन्ही चाकांना जाते. एक चाक हलकं झालं की जमिनीवर असलेलं चाक पुढे गडगडतं आणि हलकं चाक तेवढंच मागे फिरतं. मधली यंत्रणा आपल्या जागी घट्ट धरलेली असते, तरी ट्रॅक्टर खाली जातो. अशा वेळी पायाचे ब्रेक उपयोगी पडतात, कारण ते दोन्ही चाकांना वेगवेगळे धरतात. मात्र दोन्ही पेडल कडीनं जोडलेली पाहिजेत. बागेत आखूड वळण घ्यायला आपण ती कडी काढून ठेवतो आणि उताराला लागतानाही ती तशीच राहते. मग पाय एकाच पेडलवर पडतो, एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो. उतारावर आडवा फिरला की पुढची पायरी पलटी.

आता एचएसटी थांबतो कसा ते थोडं सांगतो, कारण गिअरच्या ट्रॅक्टरवर हात बसलेल्या माणसाची गफलत इथेच होते. इंजिन एक पंप फिरवतं, पंपाचं तेल एका मोटरला फिरवतं, मोटर चाकांना. पंपात एक तिरकी होणारी तबकडी असते आणि पेडल त्या तबकडीचा कल बदलतं. पेडल सोडलं की तबकडी सरळ होते, पंप तेल पुढे ढकलत नाही आणि मागेही येऊ देत नाही. चाकं मोटरला ढकलू बघतात, पण तेलाला जायला वाट नसते, म्हणून ट्रॅक्टर थांबतो. सपाटीवर हे इतकं छान चालतं की ब्रेकला पायच लागत नाही, आणि हळूहळू ब्रेक आहेत हेच माणूस विसरतो.

ही रोख तीन ठिकाणी कमी पडते. पहिली म्हणजे हाय रेंज, म्हणजे जास्त वेगाचा टप्पा (लो म्हणजे कमी वेगाचा). हायमध्ये चाकांचा जोर मोटरवर फार कमी कपात होऊन येतो, त्यामुळे तेलावर दाब जास्त आणि रोख कमी. लोमध्ये उलट. उताराला लागण्याआधी, सपाटीवर पूर्ण थांबून, लो टाकायचा. मध्येच बदलू गेलात तर रेंजचा लिव्हर न्यूट्रलमधून जातो आणि त्या क्षणी एचएसटीचा आणि चाकांचा संबंध तुटतो. मग ट्रॅक्टर म्हणजे निव्वळ हातगाडी, आणि वेग आल्यावर लो परत पडतही नाही. दुसरं, तेल. पातळी खालच्या खुणेवर असेल तर उतारावर तेल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो, शिट्टीसारखा आवाज येतो आणि रोख ढिली पडते. फिल्टर चोंदलेला असेल तरी तसंच. तिसरं, उभं राहणं. मोटर आणि पंपातून थोडं तेल आतल्या आत झिरपतच असतं, उन्हाळ्यात तेल तापून पातळ झालं की जास्त. म्हणून पेडल सोडून उतारावर उभा केलेला ट्रॅक्टर इंचाइंचानं सरकतो. एचएसटी हा हँडब्रेक नव्हे. उतरायचं असेल तर हँडब्रेक ओढा, बकेट आणि मागचं औजार जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा, चाकाला दगड लावा, मग खाली पाय.

हँडब्रेक तपासायची पद्धतही इथे वेगळी आहे. रेंज टाकलेली ठेवून तपासला तर ट्रॅक्टर एचएसटीनं धरलेला असतो आणि हँडब्रेक चांगला आहे असं वाटतं. हलका उतार निवडा, खाली मोकळी जागा पाहिजे, माणूस कुणी नको. पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक ओढा, रेंज न्यूट्रल करा आणि पाय हळूहळू उचला. सरकला तर ॲडजस्ट करून घ्या. पायाच्या ब्रेकसाठी सपाट कोरड्या मातीवर थोडा वेग घेऊन दोन्ही पेडल एकत्र दाबा आणि खाली उतरून मागच्या टायरचे ओरखडे बघा. एक लांब, एक आखूड दिसला किंवा ट्रॅक्टर एका अंगाला ओढला गेला, तर मिस्त्रीला जरूर काम द्या.

पुन्हा घसरलाच तर काय करायचं हे भावाला नीट समजावा, जमलं तर लोडर रिकामा ठेवून सपाटीवर हातापायाला सवयही लावा. त्या वेळी विचार करायला सवड नसते, जी सवय असेल तीच होते.

क्लचला पाय लावायचा नाही. गिअरच्या ट्रॅक्टरवरून आलेला माणूस घाबरला की क्लच आणि ब्रेक एकदम दाबतो. क्लच दाबला की इंजिनची रोख गेली. न्यूट्रल तर मुळीच नको. एचएसटीचं पेडल मोकळं सोडा, पण रिव्हर्सचं दाबू नका. झटक्यात रिव्हर्स दिलं तर चाकं जाम होतात नाहीतर भरलेला लोडर पुढे कलंडतो. दोन्ही ब्रेक एकत्र आणि वाढत्या जोरानं दाबा. त्याच वेळी बकेट खाली सोडा. मातीला टेकली की तीच नांगरासारखी धरते. बकेट जमिनीपासून वीतभरच उंच ठेवायची ती यासाठीही. कमरेइतक्या उंचीवरून खाली आपटली तर मागची चाकं आणखी उचलली जातील.

आणि आता जे कुणाला पटत नाही ते: चाकं जाम होऊन ट्रॅक्टर सरकत असेल तर ब्रेक किंचित सैल करा आणि एचएसटीचं पुढे जायचं पेडल अगदी थोडं दाबा, चाकं सरकण्याच्या वेगानं फिरू लागतील एवढंच. सरकणाऱ्या टायरच्या खाचा चिखलानं भरतात आणि तो स्टीअरिंगचंही ऐकत नाही. फिरणारा टायर खाचा मोकळ्या करतो, पुन्हा धरतो आणि तुम्हाला ट्रॅक्टर सरळ ठेवता येतो. सरळ म्हणजे तोंड थेट उताराकडे. आडवं वळवून थांबवायचा मोह होतो, पण छोट्या ट्रॅक्टरची रुंदी कमी असते, तो तिथेच लोळतो. पकड आली की पुन्हा हळूहळू रोखा. इंजिन मध्येच बंद पडलं तर स्टीअरिंग जड होईल, पण ते फिरतं. दोन्ही हातांनी ओढा.

रोल बार (पलटी झाल्यास चालकाला वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान) उभा असेल आणि पट्टा लावलेला असेल तर उडी मारू नका, स्टीअरिंग घट्ट धरून बसून राहा. उडी मारणारा बहुधा पलटी होणाऱ्या बाजूलाच पडतो. आपल्याकडे द्राक्षाच्या मांडवाच्या तारांना अडकतो म्हणून रोल बार काढून घराच्या मागे टाकून दिलेला असतो, याचं मला फार वाईट वाटतं. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरला तो सक्तीचा केला होता. तुमचा दुमडणारा असेल तर मांडवाखाली दुमडा, तेव्हा पट्टा लावू नका. तालीकडे निघालात की बार उभा करून पिन घाला आणि पट्टा लावा. दोन्ही एकत्र असतील तरच उपयोग.

तुमच्या शेतासाठी मी काय बदलेन? पहिलं, मागे वजन. दोनशे लिटरचं पिंप काँक्रीटनं निम्मं भरलं की साधारण २४० किलो होतं. भरतानाच थ्री पॉइंटला (मागे औजार जोडायच्या तीन दांड्यांना) बसतील अशा पिना त्यात घालून घ्या, फक्त तुमच्या लिफ्टची क्षमता आधी बघा. लोडरचं काम असेल तेव्हा ते मागे असलंच पाहिजे. मागच्या टायरमध्ये पाणीही भरून घ्या, व्हॉल्व्ह सर्वांत वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत.

दुसरं, भरलेली बकेट घेऊन उतरताना तोंड वर ठेवून रिव्हर्समध्ये उतरा. जड बाजू नेहमी चढाकडे. मग भार आपोआप मागच्या, म्हणजे ब्रेकच्या चाकांवर येतो. मान अवघडते, वेळ लागतो, लागू दे. मागे रोटर असेल तेव्हा उलटं: खाली येताना तोंड उताराकडे, आणि तीव्र चढ असेल तर रिव्हर्समध्येच चढा. पुढचा भाग हलका असताना समोरून चढताना ट्रॅक्टर मागे पलटी व्हायला लागला, तर सावरायला पाऊण सेकंदही मिळत नाही. आणि काहीही ओढायचं असेल तर फक्त खालच्या हुकाला. टॉप लिंकच्या (तीनपैकी वरच्या दांडीच्या) जागी साखळी बांधलेली दिसली तर बांधणाऱ्याला तिथेच थांबवा.

फवारणीची टाकी उतारावर एकतर भरलेली न्या नाहीतर रिकामी. अर्धी टाकी असेल तर पाणी हेलकावतं आणि वळणावर सगळं वजन एकदम खालच्या अंगाला येतं. ट्रॉलीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो: बिनब्रेकची भरलेली ट्रॉली या ट्रॅक्टरला लावून कुंभार्ली किंवा केळघरसारख्या घाटात जाऊ नका. ते काम तुमच्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचं आहे, आणि तेही ट्रॉलीला ब्रेक असतील तरच.

उतार किती ते अंदाजानं ठरवू नका. मोबाईलमध्ये कल मोजायचं ॲप असतं. सरळ फळी जमिनीवर ठेवून त्यावर मोबाईल ठेवा आणि तालीवर जाणारी वाट जागोजागी मोजा. मॅन्युअलमधली मर्यादा असेल ती पाळाच, पण मी स्वतः लोडर भरलेला असेल तर १० अंशांपुढे जात नाही आणि पाऊस झाल्यावर त्या वाटेलाच लागत नाही. दोन तालींमधला चढ १५ अंशांच्या वर निघाला तर जेसीबी लावून वाट तिरकी आणि लांब काढून घ्या, आडवा कल डोंगराच्या बाजूला ठेवून. नव्या लायनरच्या आधी मी त्यावर पैसे घालेन. पाटणचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे वाटेच्या आतल्या अंगाला चर काढा, नाहीतर पहिल्याच पावसात भराव सुटेल.

आता मला तीन गोष्टी कळवा: त्या वेळी रेंज कुठली होती, फोर व्हील टाकलेलं होतं का, आणि टायर खोल खाचांचे शेतीचे आहेत की चपट्या नक्षीचे. चपटे असतील तर ओल्या मातीत ते लगेच भरतात, मग टायर बदलण्याबद्दल बोलावं लागेल. आणि हो, बांधाला धडकलाय तेव्हा पुढच्या एक्सलच्या मधली पिन आणि लोडरचे चासीला बसवलेले बोल्ट तपासल्याशिवाय ट्रॅक्टर कामाला लावू नका.