प्रश्न उद्भवत नाही

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा तू कट्ट्यावर येऊन बसलीस आणि चहा निवेपर्यंत बोललीच नाहीस. मग एकदम म्हणालीस, "काका, दिवसभर शिफारसपत्रं टाईप करते. बदली, ॲडमिशन, रेशनकार्ड. लोकांच्या हक्काचं काम करायला मिळेल म्हणून वकिली सोडून आमदारांकडं लागले, आणि हे काय चाललंय?" शेजारी तालमीतली चार टाळकी बसली होती, म्हणून मी नुसता हसलो. तू रागावून गेलीस. आता निवांत लिहितो.

शिफारसपत्रांना नाक मुरडू नको. फक्त त्यात "उचित कार्यवाहीस्तव" एवढंच लिहून पाठवत असशील तर ते कागदाचं विमान आहे, उडतं आणि पडतं. अर्जदाराचा मूळ अर्ज कुठल्या कचेरीत कधी दिला, त्याची पोच आहे का, आवक क्रमांक काय, हे पत्रात लिही. पोच नसेल तर माणसाला आधी पोच आणायला पाठव. चिडेल, शिव्या देईल, पण आणेल. त्या एका चिठोऱ्यावर पुढं विधानसभा उभी राहते. कशी, ते सांगतो.

मी आमदारांकडं नवीन असताना, नव्वदच्या दशकात, एका गावातली बातमी पेपरात आली. गाव आपल्याच जिल्ह्यातलं, नाव सांगत नाही. दलित वस्तीतल्या चार घरांच्या वतनाचे तुकडे ओढ्यापलीकडं होते आणि त्याच वाटेनं पुढं त्यांचं स्मशान. वाटेवरच्या जमीनवाल्यानं चर खणून वाट अडवली होती. मला स्फुरण चढलं. कात्रण समोर ठेवलं आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात द्यायचं आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात असा, लिहून काढला. तो ठराविक साचा आता तुलाही पाठ झाला असेल: सन्माननीय महसूल मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अमुक गावातील मागासवर्गीय वस्तीचा स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता बंद करण्यात आला आहे, हे खरे आहे काय; असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर छापून आलं. "(1) हे खरे नाही. (2) व (3) प्रश्न उद्भवत नाही."

झालं. मंत्री खोटं बोलले नव्हते. गावच्या नकाशात तिथं रस्ताच नव्हता, वहिवाट होती. जो रस्ता कागदावर नाही तो बंद कसा होईल? शिवाय पेपरवाल्यानं गट नंबर चुकीचा दिला होता आणि मी गावात पाऊलही न टाकता तोच प्रश्नात घातला. तलाठ्यानं त्या गटाचा सात-बारा बघितला, तहसीलदारानं सही केली, मंत्रालयानं छापलं.

पंधरा दिवसांनी वस्तीतले एक म्हातारे ऑफिसात आले. हातात त्या उत्तराची झेरॉक्स. कुणी दिली विचारलं, तर म्हणाले, "ज्यानं चर मारलीया त्येनंच दिली. म्हणतोय, आता सरकारनंच लिवलंय तुमचा रस्ता न्हाई म्हणून." बसलेही नाहीत. पाणी दिलं, तेही घेतलं नाही.

आणखी एक सांगतो, हे मी फार लोकांना सांगितलेलं नाही. शेताकडं जायची वहिवाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडं दाद मागता येते. साधं काम आहे. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. आम्ही त्यांना सांगत राहिलो, थांबा, साहेब सभागृहात विचारणार आहेत. ते थांबले. आणि ते सहा महिने आमच्या प्रश्नाची वाट बघण्यात गेले.

म्हणून तुला पहिल्यांदा हेच सांगतो की आमदारांनी आवाज उठवला म्हणजे भलंच होतं असं नाही. चुकीचा विचारलेला प्रश्न न विचारलेल्या प्रश्नापेक्षा वाईट, कारण त्याला सरकारी उत्तर चिकटतं. तू वकिलीचं शिकलीस, तुला हे कळायला वेळ लागू नये. "रस्ता बंद केला हे खरे आहे काय" असं विचारायचं नाही. "गट क्रमांक अमुकमधील वहिवाट अडवल्याबाबत ग्रामस्थांनी तहसीलदारांकडे अमुक तारखेस अर्ज केला, हे खरे आहे काय; असल्यास, त्या अर्जावर आजपर्यंत कोणती कार्यवाही झाली" असं विचारायचं. अर्ज झालाच नाही असं कुणी म्हणू शकत नाही, कारण पोच तुझ्या फाईलीत आहे. फार तर "हे अंशतः खरे आहे" येईल. येऊ दे. अंशतः खरं म्हणजे दार किलकिलं झालं. उपप्रश्नाला पाय घालायला तेवढी फट पुरते.

आणि त्यासाठी गावात जायचं. गाडीतून नव्हे, आमदारांबरोबर तर मुळीच नव्हे. केएमटी जाते तिथवर केएमटीनं, पुढं एसटीनं. तलाठ्याला भेट, सरपंचाला भेट, आणि ज्यानं वाट अडवली त्याच्याही सोप्यावर बसून चहा पी. त्याची बाजू तुला आवडायची नाही, पण मंत्र्यांच्या उत्तरात तीच येणार असते. आधीच ऐकलेली बरी. मग वस्तीत परत जा आणि लिहिलेला मसुदा मोठ्यानं वाचून दाखव. आम्ही वाचून दाखवला असता तर पहिल्या ओळीलाच कुणीतरी म्हणालं असतं, "रस्ता न्हाई वो, पांदीची वाट हाय ती."

नावांचं जप. प्रश्न छापले जातात आणि गावात पोहोचतात, ते तू बघितलंसच. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव उघड करणं कायद्यानंच गुन्हा आहे, ते वेगळं सांगायला नको. पण वाळीत टाकलेल्या घराचंही विचारल्याशिवाय टाकू नको. आपल्याकडं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, विधिमंडळानं 2016 मध्ये केला, 2017 च्या जुलैत लागू झाला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. छातीठोक सांगावी अशी गोष्ट. पण अधिवेशन संपल्यावर आमदार मुंबईहून घरी येतात आणि ते कुटुंब त्याच गल्लीत, त्याच पिठाच्या गिरणीसमोर राहतं. त्यांनी नको म्हटलं तर नको. कधी कधी त्यांना कायदाही नको असतो, फक्त पोरीच्या लग्नाला भावकी जेवायला यावी एवढंच हवं असतं. तेव्हा तुझ्या आमदारांनी सभागृहात बोलण्यापेक्षा त्या लग्नाला जाऊन पहिल्या पंगतीला बसावं. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात शाहू महाराज चहा पीत, तेही हुकूम न काढता. अर्थात तो चहा राजाचा होता, आणि 1919 मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने सगळ्यांना खुले करणारे हुकूमही त्याच राजाचे. आमदाराला हुकूम काढता येत नाही, पंगतीला बसता येतं.

जाता जाता, भाषणं लिहायला लागलीस तर महाराजांचं नाव जरा जपून वापर. 26 जूनला, जयंतीच्या दिवशी, दसरा चौकात हार घालणारेच दुसऱ्या दिवशी वस्तीच्या पाण्याचा विषय "पुढच्या मीटिंगला घेऊ" म्हणतात. ऐकून ऐकून कान किटले.

पाण्यावरून आठवलं. आमदार निधीचा मोह फार वाईट. एका गावात सार्वजनिक आडावर एका वस्तीतल्या बायकांना थांबवून ठेवायचे. त्यांनी आमच्याकडं तक्रार केली. आम्ही काय केलं? वस्तीला स्वतंत्र टाकी दिली. महिन्याभरात निधी, सहा महिन्यांत टाकी, वर पाटी, नारळ, फोटो. मी खूश. वर्षभरानं त्यातलीच एक बाई भेटली. म्हणाली, "पाणी मिळालं बाबा, खोटं कशाला बोलू. पर आता म्हणत्यात, तुमची टाकी हाय की, आडावर यायचं कारणच काय?" हे अस्पृश्यतेचं उघड प्रकरण होतं, नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 खालचं, आणि आम्ही त्यावर सिमेंट ओतून ते पक्कं केलं. पाटीवर आमदारांचं नाव होतं. माझं नव्हतं हे माझं नशीब.

आता तुझा खरा प्रश्न, जो तू विचारला नाहीस. साहेब ऐकतील का? ते विचारणार, "तिकडं मतं किती?" तेव्हा तोंड वाकडं करू नको. वाट अडवणाऱ्याच्या भावकीत विकास सेवा सोसायटीचे संचालक असतात, दूध संस्थेचा चेअरमन असतो, कारखान्याचे सभासद असतात. वस्तीत चाळीस मतं. आमदार मोजणारच. तू त्यांना गावात जाऊन भाषण करायला सांगितलंस तर ते टाळतील, आणि टाळल्याचं कारण तूच होशील. त्याऐवजी ज्या खुर्चीत ते आधीच बसलेत ती वापर. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या 1995 च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असते. जिल्ह्यातले आमदार तिचे सदस्य, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी तिची बैठक व्हायलाच हवी. बरेच जण तिथं सही करून उठतात. तुझ्या साहेबांच्या हातात एक पान दे. किती गुन्ह्यांत 60 दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, किती जणांना अर्थसाहाय्याचा पहिला हप्ता मिळाला नाही, एवढंच. गावात गाजत नाही, कुणाची भावकी दुखावत नाही, आणि इतिवृत्तात येतं. पुढच्या बैठकीला मागचं इतिवृत्त घेऊन जायचं. मी असे तीन आमदार बघितले ज्यांना आपण या समितीवर आहोत हेच माहीत नव्हतं.

मंत्री सभागृहात "चौकशी करण्यात येईल" म्हणाले की टाळ्या वाजवणारे पत्रकारांना फोन करायला पळतात. तू कामकाजाचं वृत्त मिळव आणि ते वाक्य डायरीत उतरव. ते आश्वासन असतं आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, लागली नाही म्हणून रडायचंही नाही. लक्षवेधी मागणारे खूप, वेळ थोडा.

आणि सगळं सभागृहातच होतं असंही समजू नको. एन. डी. पाटील सर अठरा वर्षं विधान परिषदेत होते, 1978 मध्ये सहकारमंत्री झाले, 1985 ते 1990 कोल्हापूरचे आमदार. पण आपल्या पेठेतल्या पोरांना ते आठवतात शहरातल्या टोलविरोधी मोर्चात, ऐंशी ओलांडल्यावर, कुठलीही खुर्ची नसताना. टोल गेला. 2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं की बाकीच्या ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा. विधेयक नाही, प्रश्न नाही, लक्षवेधी नाही. अशा ठिकाणी आमदाराच्या ऑफिसानं श्रेय घ्यायला न धावता एवढंच बघायचं की शेजारच्या गावांत ठराव कागदावर राहिला की पाळला गेला. आणि गेल्या वर्षी, 18 ऑगस्ट 2025 पासून, उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात आलंय. आमच्या वेळी रिट म्हटलं की रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, दादरला कुणाच्या तरी खोलीवर आंघोळ, आणि पुढची तारीख घेऊन परत. वकील मंडळींनी त्यासाठी किती वर्षं उपोषणं केली ते तुझ्या सीनियरना विचार. तुझ्याकडं येणारी निम्मी प्रकरणं विधानसभेची नसून त्या बेंचची असतील. ती ओळखून तिकडं पाठवणं हेही तुझंच काम. वकिली वाया गेली म्हणतेस ना?

त्या पहिल्या गावाचं पुढं काय झालं विचारशील. डिसेंबर 2020 मध्ये सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय केला, तेव्हा तिथंही नवी पाटी लागली, समतानगर. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. पाटी छान आहे, निळी. ते म्हातारे आता नाहीत. त्यांना कुठल्या वाटेनं नेलं असं नातवाला विचारलं, तर त्यानं ओढ्याकडं हात केला. पावसाळा होता, म्हणाला, छातीएवढं पाणी होतं.

नातू तुझ्याच वयाचा आहे. चर बुजली नाही, पण त्यानं नव्यानं अर्ज दिलाय आणि या वेळी पोच घेतलीय. त्याला तुझ्या ऑफिसचा पत्ता दिलाय. सोमवारी येईल. त्याला बसव, पाणी दे, आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत असं सांगू नको.

माझ्याकडं त्या वेळच्या सगळ्या फाईली लोखंडी ट्रंकेत आहेत, त्या गावचा गट नकाशाही. रविवारी सकाळी ये, म्हणजे त्याच्या आधी बघून होईल. कुलूप गंजलंय, येताना थोडं मशीनचं तेल आण.

तुझा,
काका