केट बुश मधली वर्षं कुठे होती?

ताई, तुमच्या लेकीने 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' ऐकलं आणि आता ते घरात दिवसभर वाजतंय. तुम्ही विचारलंय की ही बाई एका गाण्यापुरतीच होती का, मधली एवढी वर्षं कुठे गायब झाली, आणि यापुढे काय ऐकावं. मी केट बुशला १९८६ पासून ऐकतेय. दुबईहून आलेल्या मामांच्या बॅगेत 'हाउंड्स ऑफ लव्ह'ची कॅसेट होती, ती मी परत दिलीच नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी त्या 'गायब' शब्दाचं बघू. केट गायब झाली नव्हती. गाणं पिकायला जेवढा वेळ लागतो तेवढा तिने घेतला. रेकॉर्ड कंपनी देईना तेव्हा झगडून घेतला, आणि पुढे तर स्वतःच्या घरात त्याची सोय करून ठेवली. मला तिची सगळी कारकीर्द याच एका गोष्टीभोवती फिरताना दिसते.

तिचा जन्म ३० जुलै १९५८ चा. लंडनच्या आग्नेयेला वेलिंग नावाचं गाव आहे, तिथल्या ईस्ट विकम फार्म या जुन्या घरात ती वाढली. वडील डॉक्टर, घरी पियानो वाजवणारे. आई आयरिश, नर्स होती. एक भाऊ कविता करायचा, दुसऱ्याला, पॅडीला, लोकवाद्यांचं वेड. अशा घरात मुलगी अकरा-बाराव्या वर्षी पियानोवर स्वतःच्या चाली बांधायला लागली यात नवल नाही. नवल आहे ते त्या चालींचं. 'द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज' तिने साधारण तेराव्या वर्षी लिहिलं आणि सोळाव्या वर्षी, १९७५ मध्ये, अख्ख्या वाद्यवृंदासोबत ध्वनिमुद्रित केलं. खर्च केला पिंक फ्लॉइड या बँडच्या डेव्हिड गिलमरने. घरच्या ओळखीतून त्याच्यापर्यंत तिची टेप पोचली होती. पहिल्या अल्बमवर आपण ऐकतो ते हेच, सोळा वर्षांच्या मुलीचं गाणं. वय माहीत नसताना ऐका आणि मग वय आठवा.

एक गोष्ट आपल्याकडच्या ऐकणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. आपल्या भावगीतात बहुधा कवी एक, संगीतकार दुसरा आणि गाणारी तिसरीच असते. इथे शब्द तिचे, चाल तिची, गळा तिचा, आणि पुढे कुठला आवाज कुठे यावा हा निर्णयही तिचाच. म्हणून तिला 'पॉप गायिका' म्हणून सोडून देता येत नाही.

ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने तिला करारात घेतलं, पण लगेच अल्बम काढला नाही. त्या काळात ती लिंडसे केम्पकडे मूकाभिनय आणि नृत्य शिकली आणि केटी बुश बँड घेऊन लंडनच्या पबमध्ये गायली. मार्च १९७७ मध्ये एका रात्रीत तिने 'वदरिंग हाइट्स' लिहिलं. एमिली ब्रॉंटेच्या कादंबरीवरच्या बीबीसीच्या मालिकेचा शेवटचा भाग तिने टीव्हीवर पाहिला होता, तो मनात राहिलेला. योगायोग बघा, ब्रॉंटेची जन्मतारीखही ३० जुलैच. या गाण्यात ती इतक्या वरच्या पट्टीत का गाते, असं बरेच जण वैतागून विचारतात. अहो, ते केट गातच नाहीये. त्या कादंबरीतली मेलेली कॅथी रात्री खिडकीशी येऊन 'आत घे' म्हणतेय, तिचा आवाज आहे तो. नाटकात पात्राला शोभेल असा सूर लावतात तसा हा लावलेला आहे. त्याच अल्बमवरची बाकीची गाणी ऐकलीत की तिचा मूळ आवाज सापडेल.

कंपनीला पहिलं गाणं म्हणून 'जेम्स अँड द कोल्ड गन' हवं होतं. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, अजून एकही रेकॉर्ड बाजारात नाही, आणि ती 'वदरिंग हाइट्स'वर अडून बसली. मग कव्हरवरचा फोटो तिला पटला नाही, म्हणून नोव्हेंबरात यायची रेकॉर्ड जानेवारी १९७८ मध्ये आली. मार्चमध्ये ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि चार आठवडे तिथे राहिली. स्वतः लिहिलेलं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेणारी ती पहिली स्त्री.

आणि लगेच घाई सुरू झाली. पहिला अल्बम 'द किक इनसाइड' फेब्रुवारीत आला, तर दुसरा, 'लायनहार्ट', त्याच नोव्हेंबरात. नवीन लिहायला वेळच मिळाला नाही, बहुतेक जुनी गाणी काढून नीट केली. तो अल्बम वाईट नाही, पण त्याचा कच्चेपणा ऐकू येतो, आणि ती स्वतःही त्यावर समाधानी नव्हती. मला वाटतं तिने तेव्हाच मनाशी ठरवलं असावं की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.

१९७९ च्या वसंतात तिने दौरा केला. गाणं, नाच, जादूचे प्रयोग, गाण्यागणिक वेशभूषा. नाचताना हात मोकळे हवेत म्हणून कपड्याच्या तारेच्या हँगरला वाकवून डोक्यावर बसणारा माइक बनवला होता. पण पूल नावाच्या गावातल्या पहिल्याच प्रयोगानंतर प्रकाशयोजनेतला एकवीस वर्षांचा बिल डफिल्ड वरून पडून मरण पावला. दौरा पुढे चालू राहिला आणि मे महिन्यात लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये त्याच्या कुटुंबासाठी खास कार्यक्रम झाला, त्यात गायक पीटर गॅब्रिएलही गायला. त्यानंतर केटने पुन्हा दौरा केला नाही. लोकांनी त्याची हजार कारणं लावली. तिचं वय तेव्हा अवघं वीस होतं, एवढंच मी म्हणेन.

त्यानंतर तिने सगळं लक्ष स्टुडिओकडे वळवलं. फेअरलाइट नावाचं नवं यंत्र आलं होतं. कुठलाही आवाज त्यात साठवायचा आणि पेटीसारख्या पट्ट्यांवर वाजवायचा. 'बबूश्का'मधली काच फुटते ना, ती त्यातली. ते गाणं ज्यावर आहे तो 'नेव्हर फॉर एव्हर' १९८० मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ब्रिटिश गायिकेचा तिथवर गेलेला तो पहिला स्टुडिओ अल्बम. १९८२ चा 'द ड्रीमिंग' तिने एकटीने निर्माण केला. तो दाट, विचित्र, ओरडणारा अल्बम आहे, विकला कमी गेला आणि कंपनीत चलबिचल झाली. मला तो फार प्रिय आहे, पण लेकीला सुरुवातीला देऊ नका.

इथे तिने जे केलं तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. भाड्याच्या स्टुडिओत घड्याळ पैसे खातं. म्हणून तिने माहेरच्या ईस्ट विकम फार्मवर, जुन्या कोठारात, स्वतःचा स्टुडिओ उभा केला. नाच पुन्हा सुरू केला आणि सावकाश काम केलं. 'हाउंड्स ऑफ लव्ह' सप्टेंबर १९८५ मध्ये आला, म्हणजे तीन वर्षांनी, आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. लेकीचं गाणं यातलंच. त्याचं केटने ठेवलेलं नाव 'अ डील विथ गॉड' होतं. शीर्षकात देवाचं नाव आलं तर काही देशांत वाजवणार नाहीत अशी भीती कंपनीला वाटली, म्हणून बदललं. गाण्यात मागणं साधं आहे: बाई आणि पुरुष यांना देवाशी सौदा करून एकमेकांच्या जागा घेता आल्या, तर एकमेकांची दुखणी कळतील.

पण त्या अल्बमचं खरं मोठं काम दुसऱ्या बाजूला आहे. 'द नाइन्थ वेव्ह' नावाची सात गाण्यांची एकच गोष्ट: रात्री समुद्रात एक बाई लाइफ जॅकेटवर एकटी तरंगतेय. तिला झोपायचं नाहीये, पण डोळे मिटताहेत. स्वप्नात बर्फाखाली कोणीतरी दिसतं, डायन म्हणून तिचा न्याय होतो, ती आपल्याच घरी जाते आणि घरच्यांना ती दिसत नाही. मग आयरिश फिडलच्या ठेक्यावर तिची म्हातारपणची मूर्ती येऊन म्हणते, मला जगू दे. मला तेव्हा इंग्रजी निम्मंच कळत होतं, तरी अंधारात ती बाजू ऐकताना अंगावर काटा आला होता. कॅसेटमुळे गाणं टाळून पुढे जायची सोय नव्हती, ते बरंच झालं. मधलं एखादं गाणं सुटं वाजवलं तर यातलं काही हाती लागत नाही.

पुढचं भराभर सांगते. १९८९ च्या 'द सेन्शुअल वर्ल्ड'साठी तिला जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' या कादंबरीतले शब्द हवे होते. जॉइसच्या वारसांनी नकार दिला, तिने स्वतःचे शब्द लिहिले. वीसेक वर्षांनी परवानगी मिळाली तेव्हा २०११ मध्ये तेच गाणं जॉइसच्या शब्दांत पुन्हा गायली. १९९२ मध्ये आई गेली, १९९३ मध्ये 'द रेड शूज' आला, आणि मग बारा वर्षं काही नाही.

याच वर्षांत वर्तमानपत्रांनी तिला वेडी, विक्षिप्त, घरात कोंडून घेतलेली ठरवलं. तिला १९९८ मध्ये मुलगा झाला होता आणि ती त्याला वाढवत होती. ही बातमीसुद्धा २००० साली बाहेर आली, तीही गॅब्रिएलच्या तोंडून! पुरुष संगीतकार दहा वर्षं घरी बसला तर त्याला साधना म्हणतात, बाईला मात्र वेड लागलेलं असतं, याचा मला आजही राग येतो. २००५ मध्ये 'एरियल' आला. त्याची दुसरी तबकडी म्हणजे दुसऱ्या पहाटेपर्यंतचा एक अख्खा दिवस, पक्ष्यांच्या आवाजासकट.

२०१४ मध्ये, पस्तीस वर्षांनी, ती त्याच हॅमरस्मिथच्या रंगमंचावर उभी राहिली. 'बिफोर द डॉन'चे बावीस प्रयोग, तिकिटं पंधरा मिनिटांत संपली. त्यात 'द नाइन्थ वेव्ह' पहिल्यांदा मंचावर आलं. त्यासाठी पाण्याच्या टाकीत तरंगत गातानाचं चित्रीकरण करताना थंडीने ती आजारी पडली होती. आणि २०२२ मध्ये तुमच्या लेकीचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७८ नंतर चव्वेचाळीस वर्षांनी. 'स्ट्रेंजर थिंग्ज' केट आधीपासून बघत होती, म्हणून गाणं वापरायला हो म्हणाली.

तर लेकीला 'हाउंड्स ऑफ लव्ह' पूर्ण द्या, दुसरी बाजू रात्री, हेडफोन लावून, फोन बाजूला ठेवून. मग 'द किक इनसाइड', मग 'एरियल'. पण 'एरियल'मधलं 'अ कोरल रूम' आधी तुम्ही एकट्याने ऐका. समुद्रात बुडालेलं गाव, त्यावर कोळ्यांची जाळी, आणि मग अचानक आईचा छोटा तपकिरी दुधाचा जग. जवळजवळ नुसता पियानो आणि तिचा आवाज. माझी आई गेल्यानंतर मी ते वर्षभर लावलं नव्हतं.