निघताना ‘येतो’ म्हणायचं आणि परत यायचंच नसेल, तर ते खोटं बोलणं होतं का?

नाही, दारात चपला घालताना म्हटलेलं ‘येतो’ खोटं ठरत नाही, कारण ते परत येण्याबद्दलचं विधान नसून निरोप घेण्याची कृती आहे. ‘जातो’ अशुभ वाटतं म्हणून ‘येतो’, समोरचाही ‘कधी?’ विचारत नाही, ‘या’ म्हणतो आणि निरोप पुरा होतो. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत (छापली गेली १९६२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर) दाखवलं की बोलणं हे बरेचदा करणं असतं: पैज लावणं, माफी मागणं, जहाजाला नाव देणं. तिथे खरं की खोटं यापेक्षा साधलं की फसलं, हे बघायचं.

मात्र नळ दुरुस्त करणारा ‘उद्या आठला येतो’ म्हणाला, तर प्रकरण वेगळं. शब्द तोच, पण आता ते वचन झालं. आणि त्याच्या मनात यायचं नसलं तरी, ऑस्टिनच्या हिशेबाने, वचन दिलं गेलंच, फक्त पोकळ. ‘मी आपलं सहज म्हटलं होतं’ ही सबब चालत नाही.