अमेरिकेतली डिस्क कोथरूडमध्ये विकता येईल का?

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते. दर खेपेला माझ्यासाठी जुन्या इंग्रजी चित्रपटांच्या डीव्हीडी आणते. सगळ्या अस्सल, पावतीसकट. यंदा निवडक चित्रपटांच्या दहा-दहा प्रती मागवून ओळखीत विकाव्यात म्हणतो. मित्र म्हणतो, ‘रीजन १’च्या डिस्क इथे विकणं गुन्हा आहे. खरं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मित्राचं निदान चुकलंय, पण आजार आहे! रीजनचा आकडा म्हणजे कायदा नव्हे. अमेरिका-कॅनडा १, युरोप-जपान २, भारत ५, ही स्टुडिओंनी आपल्या सोयीने केलेली बाजाराची वाटणी. माझ्या प्लेअरमध्ये अमेरिकेतली डिस्क घातली, तर रीजन चुकल्याचा निरोप दाखवून तो गप्प बसला. पोलिस काही आले नाहीत.

अडचण आहे ती १९५७च्या कॉपीराइट कायद्यात. अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक पुन्हा विकलं, तर लेखक काही म्हणू शकत नाही; एकदा विकलेल्या प्रतीवरचा त्याचा हक्क तिथे संपतो. चित्रपटाचं तसं नव्हतं. प्रत आधी विकली गेली असली, तरी ती विकण्याचा वा भाड्याने देण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाकडेच, असं कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याच आधारावर २००९ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने, अमेरिकेतून आणलेल्या अस्सल डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या व्हिडिओ लायब्ररीला मनाई केली. अस्सल, बरं का! पायरसीचा प्रश्नच नव्हता.

२०१२च्या दुरुस्तीत ‘आधी विकली असली तरी’ हे शब्द गेले. तुम्ही म्हणाल, मग झालं की! पण परदेशी अस्सल प्रती आणायला उघड मुभा देणारी तरतूद विधेयकात होती, तीही त्याच वेळी गाळली. एक दार किलकिलं केलं आणि दुसरं लावून घेतलं. अशा फटीत हात घालून धंदा करू नये, असं माझं मत. पाहुण्यांच्या बॅगेतून आलेल्या मालासाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार?

स्वतःच्या घरगुती वापरासाठी एक प्रत आणायला कायद्याची हरकत नाही. तेव्हा लेकीला सांगा, प्रत्येक चित्रपटाची एकच आण. ओळखीच्यांना घरी बोलवा, चहा पाजा, पण पैसे घेऊ नका.