‘निजलास का रे’ पुरुषाने गाताना

एकाने विचारलंय: ‘तरुण आहे रात्र अजुनी’ हे गाणं मुलाने गायचं ठरवलं, तर ‘राजसा, निजलास का रे’चं ‘राजसे, निजलीस का गं’ करावं का?

वृत्ताची अडचण मुळीच नाही, हे आधी सांगते. राजसा-राजसे, निजलास-निजलीस, रे-गं. एकही मात्रा हलत नाही. तरीही बदलू नये, असं माझं ठाम मत आहे.

या ओळीत बोलणारी बाई आहे, हे व्याकरण कुठेच सांगत नाही. राजसा, निजलास, रे या तिन्ही खुणा ज्याला हाक मारलीय त्याच्या आहेत. ती आपल्याला कळते ती तिच्या बोलण्यावरून. इतक्यातच कूस बदललेल्या प्रियकराला ती जागं करतेय, स्वतःची ओढ न लाजता बोलून दाखवतेय. ‘राजसे’ केलंत की हे धाडसच जातं. उरतो झोपलेल्या बाईला उठवणारा पुरुष, आणि ते गाणं निराळंच. शिवाय आशाबाईंच्या गळ्यातून येण्याआधी तिचे शब्द सुरेश भटांनी लिहिले होते, चाल हृदयनाथांनी बांधली होती; म्हणजे ती आधीपासून पुरुषांच्याच मनातून बोलत होती.

क्रियापद गाण्यातल्या ‘मी’प्रमाणे चालतं, गायकाप्रमाणे नाही. मराठीत ‘मी’ला स्वतःचं लिंग नाही; ते ‘जातो-जाते’, ‘गेलो-गेले’ यांत उमटतं. भविष्यकाळात तेही नाही, ‘जाईन’ दोघांचंच. ज्ञानदेवांचा अभंग आठवा: ‘जाईन गे माये तया पंढरपुरा, भेटेन माहेरा आपुलिया’. ‘जाईन’, ‘भेटेन’ यांवरून बोलणारा कोण ते कळत नाही. सगळं बाईपण ‘माहेर’ या एका शब्दात साठलंय, कारण माहेर असतं ते सासुरवाशिणीला. पुरुष वारकरी हाच अभंग भरल्या गळ्याने गातात. माहेराच्या जागी दुसरा शब्द घालावा असं कुणाला सुचत नाही.

शास्त्रीय गायनातल्या ख्यालातही तेच. मोठमोठे बुवा ‘पिया’ला आळवतात आणि ऐकणाऱ्याला समोर नायिका दिसते. १९११ साली ‘मानापमान’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा त्यातली नायिका भामिनी होते बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस. नारायणराव गातायत हे प्रेक्षकांना ठाऊक होतं, तरी त्यांच्यासाठी गात होती ती भामिनीच.

तेव्हा मुलाने शब्द आहेत तसेच घ्यावेत. आवाजही बायकी करायला नको. स्वतःच्या पट्टीत, ‘रे’वर जरासं रेंगाळून गावं, त्या ‘रे’मध्येच तिची सगळी तक्रार आहे.