रोम पहिल्यांदाच, तेही दोनच दिवस?

आधी यादी निम्मी करा. एक दिवस कोलोसियम आणि शेजारचं फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष (दोन्हींचं तिकीट एकच), दुसरा व्हॅटिकन. बस्स. नवखे हमखास चुकतात ते इथे:

– कोलोसियमचं तिकीट ठरावीक वेळेचं आणि नावानिशी असतं. आधीच ऑनलाइन काढा, नाव पासपोर्टप्रमाणेच घाला आणि पासपोर्ट जवळ ठेवा.
– व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि फुकट, पण गर्दी तुफान, टाळाच.
– बसचं कागदी तिकीट चढल्याबरोबर यंत्रात पंच करा. नुसतं खिशात असलं तर दंड होतो.

व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत. खांद्यांना ओढणी चालते. पाणी विकत कशाला? रस्त्यारस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ वाहतात, रिकामी बाटली सोबत असू द्या. आणि नवे बूट नकोत, दगडी रस्त्यांवर पाय सोलून निघतात.